इनासकाकांची ब्रँडी, माझा खजूर

इनासकाका, तुमच्या कागदांवर मी तुमचं वय चुकवलं. चौसष्टच्या जागी शेहेचाळीस लिहिलं. काउंटरवरच्या मलबारी माणसाने तुमचा पासपोर्ट उघडून माझ्यासमोर धरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “भाई, आराम से. फिर से लिखो.” माझ्या मागे रांग होती आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात कोणाचा ना कोणाचा पासपोर्ट होता. मी फॉर्म फाडला, दुसरा घेतला. त्यावर ‘रिलेशन’ असा एक रकाना होता. काका लिहावं, तर आडनावं जुळत नाहीत, तुम्ही वसईचे ख्रिस्ती आणि मी तासगावचा माने. गुरू लिहावं, तर विचारतील, कसले गुरू? ब्रँडीचे म्हणून सांगणार होतो का त्या ठिकाणी? शेवटी लिहिलं, ‘ऑफिस’.

ते लिहून झाल्यावर मला बाहेर जाऊन गाडीत बसावं लागलं. एसी न लावता बसलो. घाम आणि बाकीचं एकत्र वाहिलं की कोणी विचारत नाही.

वय काढण्यात मी चुकतो, हे तुम्हाला नवीन नाही. अबुधाबीच्या त्या हॉटेलातलं दुपारचं जेवण आठवतंय ना? तीस पाहुणे, मधोमध आपण ज्यांची ब्रँडी विकतो त्या फ्रेंच घराण्याची जुनी बाटली, आणि तुम्ही मला म्हणालात, “आज तू बोल, माने. मी बसून ऐकतो.” मी असा फुललो! लेबलवर साल वाचलं, मनातल्या मनात चालू सालातून वजा केलं आणि जाहीर केलं, “लेडीज अँड जंटलमेन, ही ब्रँडी पन्नास वर्षांची आहे.” टाळ्या पडल्या. मग एका म्हाताऱ्या लेबनीज गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि बाटली फिरवून मागचं लेबल वाचलं. तिथे दुसरं साल होतं. द्राक्षं कधी गाळली ते पुढे, आणि पिंपातून बाटलीत कधी भरली ते मागे. दोन्हींत अंतर वीस वर्षांचं. उरलेली तीस वर्षं ती बाई नुसती काचेत उभी होती.

तुम्ही उठलात. शांतपणे म्हणालात, “माझ्या सहकाऱ्याने बाटलीचं नाही, स्वतःच्या उत्साहाचं वय सांगितलं.” सगळे हसले, मीही हसलो, आणि बाटली विकली गेली. परत येताना गाडीत तुम्ही एवढंच बोललात, “बाटलीत गेली की वय थांबतं, बाबा. काच काही शिकवत नाही. शिकवतं ते लाकूड.” मग शेख झायेद रोडवरून दुबई येईपर्यंत तुम्ही चर्चच्या क्वायरमधलं कुठलंतरी गाणं गुणगुणत राहिलात. मला झापलं नाहीत. तुमचं न झापणं मला झापण्यापेक्षा जास्त लागायचं, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं.

त्याच्याही आधीची गोष्ट मी ऑफिसात अजून कोणाला सांगितलेली नाही. माझा नोकरीचा पहिलाच आठवडा. मी पुण्याच्या हॉटेलातून वाइनचे धडे गिरवून आलेला शहाणा. जबल अलीच्या गोदामात पाहिलं तर तुमच्या ब्रँडीच्या सगळ्या बाटल्या उभ्या. मला वाटलं, काय अडाणी लोक आहेत! वाइन कशी आडवी ठेवतात, बूच ओलं राहिलं पाहिजे, एवढं साधं कळत नाही? दोन दिवस खपून मी एकूण एक खोका आडवा केला आणि शाबासकीची वाट बघत बसलो. तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात. दारातच थांबलात.

“यांना कोणी झोपवलं?”

“मी, सर.”

“का?”

“सर, आराम मिळतो त्यांना.”

तुम्ही एका खोक्यावर बसलात. हसू आवरत होतात की रडू, ते मला आजही ठरवता येत नाही. “वाइनला झोप लागते, माने. ब्रँडी उभीच राहते. ती कडक आहे, आडवी केलीस तर बूच खाऊन टाकते.” मग शर्टाच्या बाह्या दुमडल्यात, आणि तुम्ही, पन्नाशीकडे आलेला माणूस, माझ्याबरोबर दिवसभर बाटल्या उभ्या करत बसलात. संध्याकाळी मॅनेजरने विचारलं, दोघं गोदामात काय करत होता? तुम्ही म्हणालात, “स्टॉक चेक करत होतो. मीच याला बोलावलं.”

माझ्यासाठी खोटं बोललात तुम्ही. ओळख अवघी तीन दिवसांची होती.

ते घराणं मी पहिल्यांदा पाहिलं तेही तुमच्याच मागे लागून. फ्रान्सच्या त्या नैर्ऋत्येकडच्या खेड्यात दर थंडीत तुम्ही जायचात, भट्टी पेटायच्या वेळी. आपल्या इथल्या ऑफिसात सगळे समजायचे, महाल असेल, झुंबरं असतील. प्रत्यक्षात कौलारू घर, चिखलाचं अंगण, एक म्हातारे मालक, त्यांची मुलगी आणि दोन कुत्री. आज त्याच मुलीला आपण सगळे मादाम म्हणतो. मी उतरताच बूट चिखलात रुतवले आणि पाय काढला तर बूट तिथेच. म्हाताऱ्याने फ्रेंचमध्ये काहीतरी म्हटलं. तुम्ही भाषांतर केलंत, “म्हणतायत, जमीन पाहुण्याला सोडत नाही.” नंतर कबूल केलंत की ते ‘गाढव’ असं काहीतरी म्हणाले होते.

तिथली द्राक्षं मी तोंडात टाकली. आमच्या तासगावच्या द्राक्षांचा गर्व घेऊन टाकली आणि तोंड वाकडं झालं. आंबट, पाणचट, आमच्याकडे कोणी बेदाण्यालासुद्धा घेणार नाही अशी. तुम्ही खूश झालात. “तुमची द्राक्षं खायची. यांची गाळायची. गोड द्राक्षाचं गोडपण तोंडातच संपतं. आंबट द्राक्ष भट्टीतून जातं, लाकडात बसतं, आणि मग बोलायला लागतं.”

त्या तळघरात तुम्ही मला जे शिकवलंत त्यावर मी आजतागायत पोट भरतोय. लाकडावर चालणारी तांब्याची भट्टी, पूर्वी चाकांवर बसवून गावोगाव फिरायची ती. गाळलेली ब्रँडी पाण्यासारखी पांढरी, तिखट. ती तशीच भरून विकली की घराण्याची पहिली तऱ्हा. मग नव्या ओकच्या पिंपात वर्ष-दीड वर्ष, लाकडाचा रंग आणि कडवटपणा घेईपर्यंत. नंतर जुन्या, थकलेल्या पिंपात, कारण नवं लाकूड फार बोलतं आणि जुनं ऐकून घेतं. अशी निरनिराळ्या वर्षांची पिंपं मिसळून केलेली दुसरी तऱ्हा, तरणी. तिसरी तशीच, पण म्हातारी. आणि चौथी एकाच वर्षाची, कशातच न मिसळलेली, चांगल्या-वाईट हंगामासकट जशी आहे तशी. घराण्याची अब्रू म्हणायचात तुम्ही चौथीला.

आणि ते पाणी. कडक ब्रँडी बाटलीत भरण्याजोगी करायला पाणी घालावं लागतं; ते कसं घालायचं, हे म्हाताऱ्याने तुम्हाला दाखवलं होतं आणि तुम्ही मला. आधी पाण्यातच थोडी ब्रँडी घालून ठेवायची, मग ते फिकं पाणी थोडं थोडं, महिन्यांच्या अंतराने. एकदम ओतलं तर ब्रँडी दुखावते. मी विचारलं होतं, दुखावते म्हणजे काय होतं? तुम्ही म्हणालात, “गढूळ होते. आणि मग बराच काळ कोणाशी नीट वागत नाही.”

पर्यटकांना सांगायची ती देवदूतांची गोष्ट मात्र तुम्हाला आवडायची नाही. पिंपातून जे उडून जातं तो देवदूतांचा वाटा, वगैरे. “मी रोज प्रार्थना करणारा माणूस आहे,” तुम्ही कुरकुरायचात. “देवदूतांना दारुडे ठरवू नका. लाकडाला छिद्रं असतात, एवढंच सांगा.”

आता भांडणाकडे येतो. अठरा वर्षं आपलं एकच भांडण चाललं, गोडाचं. मी म्हणायचो, काका, इथल्या गिऱ्हाइकाला गोड लागतं. तुम्ही म्हणायचात, गिऱ्हाइकाला काय लागतं ते गिऱ्हाइकाला चाखल्यावर कळतं. मी म्हणायचो, जग बदललं. तुम्ही म्हणायचात, बदलू दे ना, मी अडवलंय का, पण मग त्याला ब्रँडी नका म्हणू, सरबत म्हणा. हे आपण गाडीत, लिफ्टमध्ये, जुमेरा लेक टॉवर्सच्या तळ्याकाठी शावर्मा खाता खाता, इतक्या वेळा बोललो की दोघांचीही वाक्यं एकमेकांना पाठ. तुम्ही रजेवर असलात की मी तुमच्या बाजूनेही बोलायचो.

आणि मग सप्टेंबरात मी ती मेल पाठवली.

थेट मादामना. तुम्हाला न विचारता, न सांगता. विषय, ‘अ जंटल सजेशन’. घराण्याची पाचवी तऱ्हा असावी, खजुराची. पिंपात आधी खजुराचा पाक मुरवायचा, मग त्यात ब्रँडी तीन महिने ठेवायची, खास आखातासाठी. सगळा प्लॅन सोबत जोडला. वर लिहिलं, की इतकी वर्षं या बाजारात काढलेल्या माणसाचं हे निरीक्षण आहे. तो माणूस मी. इतकी वर्षं काढली होती ती तुमच्या सावलीत, हे लिहायचं राहिलं.

मादामना कल्पना आवडली. त्यांनी माझं नाव न घेता ऑफिसला कळवलं, की दुबईकडून असा विचार आलाय. सोमवारच्या मीटिंगमध्ये तो पडद्यावर आला. तुम्ही वाचलंत. तुमचा चेहरा मी कधीच असा पाहिला नव्हता, गोदामातसुद्धा नाही. तुम्ही टेबलाभोवती सगळ्यांकडे बघितलंत आणि मराठीत, म्हणजे फक्त मला, विचारलंत, “हे कोणाचं डोकं?”

किती सोपं होतं! ‘माझं’, एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही चार शिव्या दिल्या असत्यात, सरबतवाला म्हणाला असतात, दोन दिवस जेवायला बरोबर आला नसतात. पण मी खिडकीतून तळ्याकडे बघितलं आणि म्हणालो, “मार्केटिंगचं असेल.”

मार्केटिंग म्हणजे एकटी रूही. शारजात वाढलेली चोवीस वर्षांची मराठी पोरगी, जिला ब्रँडी आणि व्हिस्कीतला फरक तुम्हीच शिकवला होता. ती त्या दिवशी रजेवर होती. आयुष्यात केलेल्या गाढवपणांच्या गोष्टी मी पार्टीत सांगत फिरतो, लोक हसतात. ही गोष्ट मी कधीच सांगितली नाही, कारण हिच्यात हसण्याची जागाच नाही.

तुम्ही मादामना पत्र लिहिलंत. मोठं, कडक. त्यांचं सभ्य उत्तर आलं: वडिलांचा काळ वेगळा होता. त्या आठवड्यात तुम्ही राजीनामा दिलात. काकूंची शाळेतली नोकरी होती म्हणून त्यांच्या व्हिसावर दुबईतच, इंटरनॅशनल सिटीच्या फ्लॅटमध्ये राहिलात. निरोपाच्या केकवर नाव मी लिहून घेतलं होतं. तुम्ही कापलात, पहिला तुकडा मला भरवलात. मी खाल्ला. काका, मी तो खाल्ला!

त्यानंतर पाच महिने. तुम्ही फोन केला नाहीत. मी रोज करणार होतो. मनात तुमचं ते फिकं पाणी होतं, थोडं थोडं सांगू, अंतराने सांगू. भेकड माणसाला शहाणपणाच्या गोष्टी फार कामाला येतात. नाताळला मेसेज पाठवला, दोन घंटा आणि एक झाड. तुमचं उत्तर आलं, “गॉड ब्लेस. ये की एकदा.” मी लिहिलं, “इन्शाल्ला, काका.” इथे ज्याला यायचं नसतं तो असंच म्हणतो.

आणि मग रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सेला निघताना, बुटाची नाडी बांधता बांधता तुम्ही गेलात.

तुम्हाला वसईला न्यायचे कागद होईपर्यंत दोन दिवस मी रोज काकूंकडे जात होतो. सांगायचंच, असं ठरवून. दुसऱ्या दिवशी त्या तुमचे शर्ट घड्या करून बॅगेत भरत होत्या. म्हणाल्या, “हे कोण घालणार आता, पण इथे टाकून कशी जाऊ?” मी एक शर्ट घडी करायला घेतला. मला घडी करता येत नाही. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाल्या, “तुमची ती रूही आली नाही भेटायला. तिला सांग, राग नको धरू म्हणावं. हे तिला त्या वेळी फोनवर फार बोलले होते. मी आतून ऐकत होते, मलाच लाज वाटली. कधी कोणावर आवाज चढवला नाही या माणसाने.”

मला हे माहीत नव्हतं. माझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवून तुम्ही त्या पोरीला फोन केला होतात आणि झापलं होतंत. मला अठरा वर्षांत न मिळालेलं झापणं तिला मिळालं. आणि तिने पाच महिन्यांत ऑफिसात एक अक्षर काढलं नाही.

काकूंना म्हणालो, “सांगतो तिला.” चहा प्यायलो आणि उठलो. बघा, तेव्हाही नाही सांगितलं. आता त्या वसईत आहेत, तुम्हाला जिथे ठेवलंय त्या चर्चमध्ये रोज जातायत. तुमच्या आठवणीचं हे पत्र छापून आलं की वाचतील.

काल रूहीला खाली कॉफीला नेलं. खजुराच्या ब्रँडीचे नमुने आलेत, त्याबद्दल असेल असं तिला वाटलं. नमुने चांगले आहेत, काका. हे मला तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण आता सगळंच सांगतोय. चव वाईट नाही. आपलं भांडण माझ्या बाजूने सुटतंय की काय अशी भीती वाटते, आणि समोर तुम्ही नाही, म्हणून ते जिंकण्यात काडीचाही अर्थ नाही.

मी तिला सांगितलं. मेल माझी, खोटं माझं, शिव्या तुला. एका दमात, सगळं पाणी एकदम ओतून.

ती कपात चमचा फिरवत राहिली. मग म्हणाली, “आय नो.”

“काय?”

“आय नो, माने सर. अंकलने मला परत फोन केला होता. अबाउट अ वीक लेटर. ही वॉज क्राइंग, आय थिंक. सॉरी म्हणाले. कितीतरी वेळा.”

“त्यांना कसं कळलं?”

“त्यांनी फुल प्लॅन मागवून वाचला. त्यात लिहिलं होतं ना, भट्टीच्या मागे दोन पिंपं रिकामी पडलीत, ट्रायल त्यात करा. अंकल म्हणाले, बेटा, तू तर तिथे कधी गेली नाहीस. ती पिंपं दुबईत फक्त दोघांनी पाहिलीत. एक मी.”

चोरी करायला गेलो आणि घराचा पत्ता लिहून आलो. असा चोर तुमचाच शिष्य असणार.

“मग तू मला का नाही बोललीस?”

“ही टोल्ड मी नॉट टु.” तिने पहिल्यांदा वर पाहिलं. “मी म्हटलं, अंकल, तुम्ही बोला ना त्यांच्याशी, जस्ट कॉल हिम. तर म्हणाले, नाही. ही विल कम. त्याला स्वतःहून सांगू दे, नाहीतर जन्मभर माझ्यासमोर मान वर करणार नाही. मी थांबतो.”

मग ती म्हणाली, “सर, दर शुक्रवारी मला मेसेज करायचे. माने कसा आहे? जेवतो का वेळेवर?”

पाच महिने, काका. माझ्या घरापासून तुमच्या फ्लॅटपर्यंत पस्तीस मिनिटं लागतात. ‘ये की एकदा’ असं लिहिलंत, तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं. रागावून गप्प आहात असं मी समजत होतो, आणि तुम्ही दार उघडं ठेवून बसला होतात. मला लाज वाटू नये म्हणून गप्प बसला होतात.

आज ऑफिसात कोणी नाही. तुमची खुर्ची अजून तिथेच आहे, तिच्यावर कोणीतरी कॅटलॉगचे गठ्ठे ठेवलेत. ते मी खाली उतरवले आणि समोर बसलोय. तळ्याकडे बघत नाहीये, तुमच्याकडेच बघतोय.

इनासकाका, ती मेल मी लिहिली होती.

आता झापा मला.